बगळेवाल्याचा सत्कार

मेलबर्नजवळच्या आमच्या क्रेगीबर्नच्या घरांच्या भिंती आतून पुठ्ठ्यासारख्या असतात. तेव्हा कान लावून ऐकलं असं कोणी म्हणू नये. मी आपली पलीकडच्या खोलीत बाळाची दुपटी घडी करत बसले होते आणि भांडण आपण होऊन माझ्याकडे चालत आलं.

"बारसं रविवारीच कशाला पाहिजे?" हा जावयांचा आवाज.

"बारावा दिवस रविवारी येतो म्हणून." ही माझी लेक, शोभा.

"सोमवारी केलं तर तिचं नाव बदलणार आहे का?"

"सोमवारी जेवायला कोण येणार, तुझा बॉस? हॉल ठरलाय, मंडळातल्या सगळ्यांना सांगून झालंय. आणि आई एवढी विमानात बसून आली ती काय तुझे बगळे बघायला?"

"शोभा, त्यांचा शेवटचा दौरा आहे. ते परत येणार नाहीत."

"मग मुलगी काय दर वर्षी होणार आहे?"

मला वाटलं, आता दार आपटणार. तर थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "पाळण्याला फुगे कुठल्या रंगाचे आणू?"

एवढंच भांडण. पण माझ्या लक्षात राहिलं, कारण फुगे आणायला गेलेल्या माणसाचं तोंड मी पाहिलं होतं.

हे माझे जावई नरेंद्र. सगळं मेलबर्न त्यांना नंदू म्हणतं, माझी लेकसुद्धा अरे नंदू म्हणते. मी आपली नरेंद्रराव म्हणते. कोणीतरी म्हणायला नको का?

आणि बगळे म्हणजे द ग्रे हेरन्स. विलायतेतला बँड. एके काळी म्हणे जगभर त्यांची गाणी वाजायची. नरेंद्ररावांकडे त्यांचा एक बनियन आहे, म्हणजे टीशर्ट. त्यावर एका पायावर उभा असलेला बगळा आहे. धुऊन धुऊन बगळ्याची चोच गेली, तरी टीशर्ट फडक्याच्या डब्यात जात नाही. शोभानं दोनदा टाकला, दोनदा तो परत कपाटात आला.

बारशाच्या दिवशी त्यांनी तिकीट श्रेयसला देऊन टाकलं, मित्राला. स्वतः हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, जिलेब्या वाढल्या, उर्वीच्या पाळण्याशी हसून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी श्रेयस आला आणि तासभर, काय वाजवलं, कसं वाजवलं, हे सांगत बसला. नरेंद्ररावांनी त्याला दोनदा चहा दिला. माझा असा जीव जळला की तिसरा कप मी मुद्दाम केला नाही.

त्यानंतर बँड मोडला. गाणारा वारला, दोघे वकिलांकडे गेले, एक कुठल्याशा बेटावर जाऊन राहिला. मी बारशाला आले ती पुढे इथंच राहिले, पण नरेंद्ररावांनी घरात कधी विषय काढला नाही. फक्त इस्त्री करताना त्यांच्या डाव्या पायाची टाच आपोआप जमिनीवर पडायची. धुम्, धुम्, मध्येच थांबून परत धुम्. गाणं काही म्हणायचे नाहीत.

एकदा मी विचारलं, "अहो, गाण्याचे शब्द येत नाहीत का तुम्हाला?"

तर म्हणाले, "आई, शब्द मी नीट ऐकलेच नाहीत."

ती गोष्ट अशी. नरेंद्रराव मूळचे कऱ्हाडचे. पुण्याला शिकायला होते तेव्हा होस्टेलच्या खोलीत एक टेपरेकॉर्डर होता, दोन कर्ण्यांचा, त्यातला एक कर्णा बंद. आणि या बगळेवाल्यांच्या जुन्या कॅसेटी अशा भरलेल्या की एका बाजूनं गाणारा आणि दुसऱ्या बाजूनं ती जाड तारांची गिटार. बेस म्हणतात तिला. यांच्या वाट्याला बेसची बाजू आली. बाकीची पोरं म्हणायची, नंद्या, हे काय, कोणीतरी शेजारी उखळात कांडतंय. पण यांना तेच आवडलं. गाणारा कोण, त्याचे केस किती लांब, यांना देणंघेणं नाही. यांचा माणूस तो मागे उभा राहून धुम् करणारा. लेन प्रॅटली त्याचं नाव. फोटोत तो नेहमी अर्धा कापलेला असायचा.

पुढे हॉटेलचा कोर्स करायला म्हणून इकडे आले. हॉटेलात पोळ्या लाटल्या, ऑफिसं पुसली, टॅक्सी चालवली. आता बरीच वर्षं बस चालवतात, क्रेगीबर्न स्टेशनपासून नव्या वसाहतींपर्यंत. एखादी बाई बाबागाडी घेऊन लांबून धावत येताना दिसली की हे थांबतात. मागून कोणी "कम ऑन, मेट" म्हणालं तर आरशात बघून हसतात आणि तरीही थांबतात. उशीर झाला म्हणून ऑफिसातून बोलणी खातात, तीही हसून.

आणि मंडळात त्यांच्याकडे एक खातं आहे: सत्कार. गणपतीत भारतातून गायक येवो, कीर्तनकार येवो नाहीतर कोणी मोठा डॉक्टर, शाल आणि नारळ नरेंद्ररावांनीच आणायचा. त्यात त्यांचे नियम फार कडक. शाल घडी घालून पाहुण्याच्या हातात कोंबायची नाही, पूर्ण उलगडून दोन्ही खांद्यांवर घालायची. नारळ शेंडीचाच पाहिजे. इथल्या मोठ्या दुकानांत टकले नारळ मिळतात, त्यांच्या अंगाला हात लावणार नाहीत. एका फिजीवाल्याच्या दुकानात शेंडीचा मिळतो, तिथं जाऊन एकेक कानाशी हलवून बघतात. मंडळाच्या रेखाताई एकदा म्हणाल्या, "नंदू, नारळच आहे रे, स्थळ नाही बघत आपण." तर हे म्हणाले, "ताई, देवाला कसाही चालेल, तो समजून घेतो. माणसाला चांगला द्यावा."

तर गेल्या वर्षी, उर्वी हायस्कुलात गेल्यावर, शोभानं लायब्ररीत एक कागद चिकटवलेला पाहिला. लेन प्रॅटली, ग्रे हेरन्सवाला, चार पोरं जमवून ऑस्ट्रेलियाभर फिरतोय, छोट्या छोट्या हॉलांत वाजवतोय, आणि यानंतर वाजवणं बंद करून घरी बसणार आहे. आपल्याजवळच एका बोलिंग क्लबात रविवारी दुपारी कार्यक्रम. शोभानं कोणाला न सांगता दोन तिकिटं काढली आणि नरेंद्ररावांच्या डब्यात, पोळ्यांच्या वर ठेवली.

ते बसच्या डेपोतून फोन करून म्हणाले, "शोभा, डब्यात हे काय?"

"बारशाचा परतीचा अहेर," ती म्हणाली.

मग तीच म्हणाली, "पोळी खा आता, गार होतेय."

पण शोभा वृद्धाश्रमात काम करते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिथं कामाला असलेली एक बाई आजारी पडली आणि शोभाची रविवारची शिफ्ट लागली. उर्वीची सोमवारी परीक्षा. राहिलं कोण? मी.

"आई, तुम्हाला त्रास होईल, आवाज फार असतो," नरेंद्रराव म्हणाले.

"अहो, मी लग्नात बँडच्या गाडीमागं चाललेय. कापूस घालीन कानात."

सकाळी पाहते तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवी शाल, केशरी काठाची, आणि शेजारी नारळ. शेंडी विंचरल्यासारखी सरळ.

उर्वी दूध प्यायला आली आणि थांबली. "बाबा, नो. यू कान्ट गिव्ह अ रॉकस्टार अ कोकोनट."

"का नाही?"

"इट्स सो रँडम!"

"रँडम नाही, शेंडीवाला आहे," नरेंद्रराव म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आई, ऐकायला तर मिळेलच. पण एवढ्या पाहुण्यांना मी शाल घातली, त्यातल्या निम्म्यांची गाणी मी घरी कधी लावलीसुद्धा नाहीत. या एका माणसाला घालायची राहिलीय. तो आता परत येणार नाही."

बोलिंग क्लब म्हणजे हिरवळीवर पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे चेंडू घरंगळवतात ती जागा. हॉलच्या दारात रांग. मला वाटलं होतं सगळी केस वाढवलेली पोरं असतील. अहो, सगळे माझ्या वयाचे! कोणी काठी घेऊन, कोणी गुडघ्याला पट्टा लावून, आणि सगळ्यांच्या छातीवर बगळा. काहींचा बगळा पोटावरून पार ताणून शहामृग झालेला. मी साडी, त्यावर जाड जॅकेट आणि पायात उर्वीचे जुने बूट घालून उभी होते, तरी त्यांच्यात शोभून दिसत होते.

दारात पिशव्या तपासायला एक दणकट बाई. माझ्या पिशवीत तिला चकल्यांचा डबा सापडला, तिनं वास घेतला आणि परत दिला. नरेंद्ररावांच्या पिशवीत हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

"हे काय, मेट?"

"कोकोनट."

"ते दिसतंय. कशाला?"

"फॉर रिस्पेक्ट," नरेंद्रराव म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई म्हणाली, "टणक वस्तू आत नेता येत नाही. कोणी फेकून मारली तर?"

"मी नाही फेकणार. मी देणार आहे. आधी शाल, मग नारळ." आणि त्यांनी शाल बाहेर काढून दाखवली.

बाईनं शालीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहराच बदलला. ती सामोआ बेटावरची निघाली. सिना तिचं नाव. म्हणाली, आमच्याकडेही मोठा पाहुणा आला की त्याला नारळ देतात, आणि वर कापडही. फक्त आमच्या नारळाला असे केस नसतात.

"मग जाऊ?" नरेंद्ररावांनी आशेनं विचारलं.

"नाही. नियम म्हणजे नियम," सिना म्हणाली. पण नारळ तिनं जप्तीच्या टोपलीत टाकला नाही. स्वतःच्या खुर्चीवर ठेवला आणि आपण उभी राहिली. "संपल्यावर माझ्याकडे ये."

आत दिवे मंद झाले. चार पोरं आली आणि त्यांच्यामागून लेन प्रॅटली. काठीसारखा माणूस, डोक्यावर टोपी, स्टुलावर बसला. म्हटलं, हा काय वाजवणार, याला कोणीतरी पेज करून द्या. आणि त्यानं पहिला धुम् केला.

काय सांगू! आवाज कानातून आलाच नाही. जमिनीतून आला, बुटांतून वर चढला, गुडघ्यांत शिरला. शेक दिल्यासारखं वाटलं. डॉक्टरच्या गोळीनं जे झालं नाही ते त्या म्हाताऱ्याच्या बोटानं होत होतं. मी एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या. शेजारच्या काठीवाल्या आजोबांनी काठी खुर्चीला टांगली आणि बायकोला घेऊन नाचायला लागले. मला म्हणाले, "कम ऑन, डार्लिंग!" मी बसूनच टाळ्या वाजवल्या. पण वाजवल्या जोरात.

नरेंद्रराव नाचत नव्हते. उभे होते, डोळे मिटून, आणि एक बोट उजव्या कानात घालून. पुढचा पोरगा घसा ताणून गात होता तो त्यांना नकोच होता. मी त्यांच्या टाचेकडे पाहिलं. ती स्टुलावरच्या माणसाच्या बरोबर पडत होती, मध्येच थांबून परत धुम्. इतकी वर्षं मी इस्त्रीच्या टेबलाशी ऐकत होते ते हेच गाणं.

कार्यक्रम संपला. लोक टाळ्या वाजवून दमले. लेन प्रॅटली टोपी काढून नुसता हसला आणि पडद्यामागं गेला. बाहेर टेबलाशी सह्यांसाठी रांग लागली, त्याच्या मॅनेजरनं हात वर केले. "सॉरी फोक्स, लेन दमलाय. आज सह्या नाहीत, भेटणं नाही."

रांग कुरकुरत मोडली. नरेंद्रराव शाल छातीशी धरून तिथंच उभे. मी म्हटलं, "अहो, त्या मॅनेजरला सांगून तर बघा."

"नको आई. म्हातारा माणूस आहे, दमला असेल. पाहुण्याला त्रास देऊन सत्कार करायचा नसतो."

बस थांबवणारा माणूस हा, दुसऱ्याला ताटकळत ठेवेल कसा? पण चेहरा तोच होता, फुगे आणायला निघालेला. मला काही सुचेना. तेवढ्यात गर्दीतून सिना आली, काखेत नारळ. म्हणाली, "तो मागे आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी. गाडीची वाट बघतोय. मी विचारलं त्याला. नारळवाला माणूस आलाय म्हटलं. तो म्हणाला, मग पाठव की."

मागच्या दाराशी दुधाच्या रिकाम्या क्रेटवर लेन प्रॅटली चहाचा कप घेऊन बसला होता, गिटारची पेटी भिंतीला टेकलेली. आम्हाला बघून उठायला लागला. आणि आमचे नरेंद्रराव, जे दर गणपतीला माईक हातात घेऊन थांबता थांबत नाहीत, त्यांची वाचाच बसली. एका हातात शाल, दुसऱ्यात नारळ. तो त्यांच्याकडे बघतोय, हे त्याच्याकडे. दोघं लग्नाच्या बोहल्यावर उभे असल्यासारखे.

आता सत्कार म्हटला की कोणीतरी पुकारायला नको? अंतरपाट असा किती वेळ धरणार? मीच पुढं झाले आणि मंडळात दर वर्षी ऐकलेलं ते मराठीतूनच खणखणीत म्हटलं, "आजचे आपले सन्माननीय पाहुणे श्रीयुत लेनराव यांचा सत्कार आमचे जावई नरेंद्रराव शाल आणि श्रीफळ देऊन करतील. जोरदार टाळ्या!"

सिनाला काय कळलं कोण जाणे, पण तिनं कडाडून टाळ्या वाजवल्या. आतून भांडी घासणारा पोऱ्याही डोकावून वाजवायला लागला. टाळ्या ऐकल्या आणि नरेंद्ररावांचे हात सुटले. त्यांनी शाल झटकून पूर्ण उलगडली आणि त्या हाडकुळ्या खांद्यांवर घातली, डावीकडून, उजवीकडून, पुढची टोकं सारखी करून. मग नारळ, शेंडी पाहुण्याकडे करून, दोन्ही हातांनी. आणि वाकून नमस्कार केला. लेनरावांनी घाबरून पाय बाजूला घेतला, त्यांना वाटलं यांचं काहीतरी पायाखाली आलंय.

"याचं काय करायचं?" त्यांनी नारळाकडे बघत विचारलं.

"धरून ठेवायचा आणि थँक्यू म्हणायचं," सिना म्हणाली.

त्यांनी धरला. मान हलवून म्हणाले, "पन्नास वर्षं लोकांनी माझ्याकडे काय काय फेकलं. बाटल्या, बूट, एकदा अख्खी कोंबडी. हातात आणून कोणी दिलं नव्हतं." इंग्रजी मला अर्धंच कळलं, उरलेलं नंतर नरेंद्ररावांनी सांगितलं. पण त्यांनी शालीचं टोक बोटांत धरून बघितलं, ते सांगायला कोणी नको होतं.

तेव्हा कुठे नरेंद्ररावांना कंठ फुटला. टेपरेकॉर्डरचं सगळं सांगितलं. दुसरा कर्णा बंद होता, मला फक्त तुम्हीच ऐकू आलात.

लेनराव इतके हसले की चहा सांडला. "म्हणजे गाणारा ऐकूच आला नाही? बिचाऱ्याला कळलं असतं तर आणखी दहा वर्षं आधी बँड मोडला असता!"

चकल्या निघाल्या. सिनानं तीन खाल्ल्या, लेनरावांनी एक, पण दात सांभाळत. मग त्यांचा फोन वाजला. न्यायला येणारी गाडी दुसरीकडेच अडकली होती, अजून तासभर लागणार होता. ते परत क्रेटवर बसायला लागले.

"नो वरीज," नरेंद्रराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मंडळातला झाला. "मी सोडतो की. माझी गाडी इथंच आहे."

लेनराव पुढं बसले, अंगावर शाल, मांडीवर नारळ, त्यावरून सीटबेल्ट. मी मागं गिटारच्या पेटीला धरून. विमानतळाजवळच्या मोटेलपर्यंत दोघं काय बोलत होते देव जाणे, बहुतेक टायरांबद्दल. मधेच शोभाचा फोन आला, गाडीतच मोठ्यानं वाजला.

"नंदू, कसं झालं रे?"

"नंतर सांगतो. पाहुण्यांना सोडतोय."

"कुठल्या पाहुण्यांना? आज मंडळाचं काय होतं?" मग थोडं थांबून, "थांब. नंदू! खरंच?"

"हॅलो, शोभा," गाडीच्या स्क्रीनवरचं नाव वाचून लेनराव म्हणाले. पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला.

मोटेलशी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नरेंद्ररावांनी पेटी उतरवून खोलीच्या दाराशी नेली. हीटरचं बटण कुठे आहे ते दाखवलं, सकाळी चहाला दूध आहे का ते विचारलं. गेल्या गणपतीत कीर्तनकारांना सोडलं तेव्हा हेच विचारलं होतं. लेनरावांनी हात मिळवला, दार लावलं. नरेंद्रराव परत येऊन गाडीत बसले, पण गाडी सुरू केली नाही.

"चला की," मी म्हटलं.

"थांबा आई, दिवा लागू दे."

पडद्यामागं पिवळा उजेड पडला. त्यांनी पट्टा लावला, आरशात बघितलं, आणि गाडी हळूहळू मागं घेतली.